सतरा चालींचा धडा
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



साठ वर्षांच्या वाटचालीचा सोहळा चालू असताना एखाद्या मोठ्या ग्रंथावर, थोर पुरुषावर किंवा राष्ट्रीय प्रश्नावर बोलले जावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. तो आहे बुद्धिबळाचा एक डाव. हा डाव कोणत्याही स्पर्धेत खेळला गेला नाही. त्याला प्रेक्षागृह नव्हते, पारितोषिक नव्हते, आणि तो संपायला मोजून काही मिनिटे लागली असतील. पांढऱ्याच्या सतराव्या चालीनंतर काळ्याने पराभव मान्य केला. तरीही आज साठ वर्षांनंतर जगभरची मुले तो डाव पटावर मांडून शिकतात. जे इतक्या लवकर संपले ते इतके दिवस का टिकले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिक्षणाविषयीच्या काही जुन्याच गोष्टी नव्याने दिसू लागतात.

हा डाव १९६३ साली न्यूयॉर्क शहरात, एका घरगुती बैठकीत खेळला गेला. यजमान होते डॉ. रूबेन फाइन आणि पाहुणा होता रॉबर्ट जेम्स फिशर, ज्याला जग बॉबी या नावाने ओळखते. फाइन यांचा जन्म १९१४ चा. त्या वेळी ते पन्नाशीला टेकले होते. फिशरचा जन्म १९४३ चा, म्हणजे तो विशीच्या उंबरठ्यावर होता. दोघेही ग्रँडमास्टर. १९५० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने ‘ग्रँडमास्टर’ हा किताब प्रथम दिला, त्या पहिल्याच यादीत फाइन यांचे नाव होते. फिशरने तोच किताब १९५८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी मिळवला होता.

फाइन यांची ओळख एवढ्यावर संपत नाही, आणि ती नीट करून घेतल्याखेरीज या डावाचे मर्म कळणार नाही. १९३८ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या ‘अॅव्हरो’ स्पर्धेत जगातील आठ सर्वश्रेष्ठ खेळाडू एकत्र आले होते. अलेखाइन, कापाब्लांका, बोटविनिक, युवे अशा दिग्गजांच्या त्या मेळ्यात फाइन आणि पॉल केरेस हे दोघे संयुक्तपणे अव्वल ठरले. १९४८ साली विश्वविजेतेपदासाठी जी स्पर्धा झाली तिचे निमंत्रण फाइन यांना होते. परंतु मानसशास्त्राच्या अभ्यासाला वाहून घेतलेल्या या माणसाने ते नाकारले. पुढे ते मनोविश्लेषणतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. मात्र बुद्धिबळाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी दोन मोठी कामे करून ठेवली होती. १९४१ साली त्यांनी डावाच्या अंतिम अवस्थेवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि १९४३ साली डावाच्या प्रारंभामागील कल्पनांवर दुसरा. या दुसऱ्या ग्रंथाचा आग्रह एकच होता: प्रारंभीच्या चाली पाठ करू नका, त्यांच्यामागचा हेतू समजून घ्या. शिवाय जलद खेळात तर ते आपल्या काळचे सम्राटच होते. अमेरिकेची द्रुतगती स्पर्धा त्यांनी १९४२ पासून सलग चार वर्षे जिंकली होती.

म्हणजे ज्याने प्रारंभाचे शास्त्र लिहिले आणि वेगाच्या खेळात राज्य केले, असा विद्वान एका बाजूला बसला होता. दुसऱ्या बाजूला होता शाळा अर्धवट सोडलेला एक हट्टी तरुण. आणि विद्वान हरला तो प्रारंभातच, वेगाच्या खेळातच.

‘ब्लिट्झ’ हा मूळ जर्मन शब्द; त्याचा अर्थ वीज. मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘विद्युतगती बुद्धिबळ’ असे समर्पक नाव दिले आहे. आज जागतिक स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला साऱ्या डावासाठी तीन मिनिटे मिळतात आणि प्रत्येक चालीमागे दोन सेकंदांची भर पडते. पूर्वी सरसकट पाच मिनिटे असत. एरवी एकेका चालीसाठी अर्धा तास विचार करणाऱ्या माणसाला येथे काही सेकंदांत निर्णय करावा लागतो. अशा वेळी नवे काही शोधायला सवड नसते. वर्षानुवर्षे जे हाडीमासी मुरले आहे, तेच बोटांतून बाहेर पडते. म्हणून विद्युतगतीचा डाव हा ज्ञानापेक्षा सवयीची परीक्षा असतो. घरी पाहुणा येतो तेव्हा आवरून ठेवलेली बैठकीची खोली दिसते. अचानक कोणी दार उघडले की खरे घर दिसते.

आता पटाकडे वळू. फिशरची मोहरी पांढरी. त्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारले. फाइन यांनीही तेच केले. फिशरने घोडा काढून त्या प्याद्यावर रोख धरला. फाइन यांनी आपल्या घोड्याने त्याला आधार दिला. मग दोघांनी आपापला उंट बाहेर काढून प्रतिपक्षाच्या राजाशेजारच्या दुबळ्या प्याद्याकडे तोंड करून ठेवला. हे प्यादे दुबळे अशासाठी की आरंभी त्याला एकट्या राजाखेरीज दुसऱ्या कोणाचा आधार नसतो. येथवर सारे सरळ, शतकानुशतकांच्या परिचयाचे आहे. चौथ्या चालीला फिशरने वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि ते सरळ काळ्या उंटाच्या तोंडी दिले. घ्या म्हणाला.

हाच तो ‘एव्हान्स गॅम्बिट’. गॅम्बिट हा शब्द इटालियन भाषेतील पायाच्या शब्दावरून आला. कुस्तीत पायात पाय घालून प्रतिस्पर्ध्याला पाडणे, असा त्याचा मूळ भाव. आपल्या आखाड्यातील ‘टांग’ मारण्याशी त्याचे नाते सहज जुळते. बुद्धिबळात त्याचा अर्थ झाला, प्रारंभीच एखादे मोहरे देऊ करून त्याच्या बदल्यात वेळ आणि मोकळी जागा मिळवणे. विल्यम डेव्हिस एव्हान्स हा वेल्सचा एक जहाजाचा कप्तान. १८२० च्या दशकात त्याने ही चाल शोधली. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे आपली म्हण बजावते. या खलाशाने मात्र नेमके हातचेच सोडले. कारण काळ्याचा उंट ते प्यादे खाण्यात आणि मग स्वतःला वाचवण्यात दोन-तीन चाली घालवतो, तेवढ्यात पांढऱ्याला पटाच्या मध्यावर आपले ठाणे बसवता येते. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकत असे. त्यामुळे चौथ्या चालीला अशी लढाई पेटणे त्या पटावर शक्यच नव्हते. ही पाश्चात्त्य नियमांनी आणलेली घाई आहे, आणि गॅम्बिट हे त्या घाईचे अपत्य आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रारंभाने युरोपला वेड लावले होते. १८५२ साली बर्लिन येथे आडोल्फ आंडरसन याने दुफ्रेन याच्याविरुद्ध याच प्रारंभातून जो डाव जिंकला, त्याला रसिकांनी ‘सदाबहार डाव’ म्हणून गौरवले. हा आंडरसन पोटापाण्यासाठी ब्रेस्लाउ शहरातील शाळेत गणित शिकवीत असे, ही गोष्ट शाळेच्या समारंभात आवर्जून सांगण्यासारखी आहे. सुट्ट्यांत स्पर्धा खेळायच्या, एरवी फळ्यापुढे उभे राहायचे, असा त्याचा संसार होता. पुढे विश्वविजेता इमान्युएल लास्कर याने या प्रारंभाला उतारा शोधला. तो उतारा विलक्षण साधा आहे: घेतलेले प्यादे योग्य वेळी परत द्यावे आणि आपला डाव सावरून घ्यावा. लोभ सोडला की टांग लागत नाही. लास्करच्या या उपायानंतर एव्हान्स गॅम्बिट मोठ्या स्पर्धांतून जवळजवळ दिसेनासा झाला.

हा सारा इतिहास फाइन यांना तोंडपाठ होता. तरीही त्यांनी प्यादे घेतले. त्यात अद्याप काही चूक नव्हती. पाचव्या चालीला पांढऱ्याने शेजारचे प्यादे सारून उंटाला हाकलले. उंट पटाच्या कडेला गेला. सहाव्या चालीला पांढऱ्याने मध्यावर दुसरे प्यादे आणून भिडवले. फाइन यांनी तेही घेतले. सातव्या चालीला फिशरने शांतपणे किल्लेकोट करून राजा सुरक्षित घरी नेला. फाइन यांनी तिसरे प्यादे घेतले. येथे क्षणभर थांबून हिशेब करावा. सात चालींत काळ्याच्या पदरात तीन प्यादी आहेत. पांढऱ्याच्या पदरात एकही नाही. एखाद्याने नुसते गुण मोजले, तर काळा कितीतरी पुढे आहे. पण पांढऱ्याचा राजा कोटात आहे, घोडा आणि उंट रणात आहेत, बाकीच्या मोहऱ्यांच्या वाटा मोकळ्या झाल्या आहेत. काळ्याचा राजा अजून आपल्या जागीच, पटाच्या ऐन मध्यावर, उघड्या वाऱ्यात उभा आहे. बुद्धिबळाच्या परिभाषेत काळ्याच्या या पवित्र्याला जे इंग्रजी नाव आहे, त्याचा आशयच मुळी ‘धोक्यात टाकलेला बचाव’ असा आहे. नावातच इशारा आहे.

आठव्या चालीला पांढरा वजीर बाहेर आला आणि उंटाच्या जोडीने त्या दुबळ्या प्याद्यावर चालून गेला. फाइन यांनी वजीर राजापुढे आणून त्याला आधार दिला. नवव्या चालीला फिशरने घोड्याने एक प्यादे परत घेतले. फाइन यांनी राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढला. चाल दिसायला अगदी नैसर्गिक होती: घोडा काढावा, पुढच्या चालीला किल्लेकोट करावा. पण ती एक चाल उशिराची होती. दहाव्या चालीला फिशरचा घोडा पटाच्या मध्यावर, थेट काळ्या वजिरासमोर येऊन उभा राहिला. फाइन यांनी तो घोड्याने मारला. पांढऱ्याच्या प्याद्याने त्याची भरपाई केली, आणि ती करताना राजासमोरची उभी रांग पांढऱ्याच्या बाजूने मोकळी झाली. त्याच प्याद्याने काळ्याच्या उरलेल्या घोड्यावरही हल्ला चढवला. घोडा मागे घ्यावा, तर पांढऱ्याचा दुसरा उंट बाजूने येऊन वजिराला हुसकावतो आणि मग वजिराच्या एकाच शहात कडेचा उंट हातचा जातो. म्हणून फाइन यांनी घोडा पुढे टाकला. मारामारी होऊन बाराव्या चालीला काळा वजीर पटाच्या मध्यावर आला.

तेराव्या चालीला फिशरने दुसरा उंट लांबलचक तिरप्या रेघेवर ठेवून त्या वजिरावर नेम धरला. वजीर सरकला. चौदाव्या चालीला फिशरने कडेचे प्यादे दोन घरे सारून पुन्हा वजिरालाच डिवचले आणि तेही प्यादे फुकट देऊ केले. फाइन यांच्या वजिराने ते घेतले. पंधराव्या चालीला उंटाने प्यादे मारून हत्तीवर हल्ला केला; हत्ती एक घर सरकला. सोळाव्या चालीला पांढऱ्या हत्तीने मोकळ्या रांगेतून शह दिला. किल्लेकोटाची आशा संपलेला काळा राजा एक घर बाजूला झाला. आणि सतराव्या चालीला फिशरने आपला वजीर शांतपणे काळ्या वजिराच्या समोर नेऊन ठेवला.

पाहणाऱ्याला वाटावे, हा वजीर तर फुकट चालला. पण तो घेतला, तर पांढरा उंट एक घर मागे येऊन शह देतो, हत्ती राजाची पळवाट अडवून उभा असतो, राजाच्या उरलेल्या घरांवर त्याचीच मोहरी ठाण मांडून बसलेली असतात, म्हणजे मात. पांढऱ्या उंटाला हत्तीने मारले, तर पांढरा वजीर शहासकट काळा वजीर घेऊन जातो. वजीर दुसरीकडे नेला, तरी सुटका नाही. फाइन यांनी डाव सोडला.

डाव संपला तेव्हा काळ्याचा एक हत्ती आणि एक उंट पहिल्या घरातून हललेले नव्हते. काळ्याने एकूण सोळा चाली केल्या. त्यांतील तीन एकाच उंटाच्या, चार एकट्या वजिराच्या. खाण्याच्या चालींची बेरीज सहा. सोळा चालींत किल्लेकोटाला मात्र एक चाल मिळाली नाही. प्रत्येक चाल वेगळी काढून पाहिली तर तिला काही ना काही कारण होते: येथे प्यादे मिळत होते, तेथे वजीर वाचवायचा होता. चूक एका चालीत शोधून सापडत नाही. ती क्रमात आहे. जे आधी करायचे ते नंतर करू म्हटले, आणि नंतर ते करायला वेळच उरला नाही.

हे ऐकून फाइन यांच्याविषयी अनादर वाटता कामा नये. स्पर्धेच्या खेळापासून ते कधीच दूर गेले होते. समोर बसलेल्या तरुणाने त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेली अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा अकरापैकी अकरा डाव जिंकून पार केली, यावरून त्या वेळी त्याच्यासमोर बसणे म्हणजे काय होते, याची कल्पना यावी. फाइन यांनी प्रारंभाविषयी जे लिहिले होते, ते या पराभवाने खोटे ठरले नाही. उलट तेच सिद्ध झाले, फक्त त्यांच्या विरुद्ध बाजूने. जाणणे आणि ऐन वेळी तसे वागणे यांमध्ये जे अंतर असते, ते पुस्तक लिहूनही आपोआप भरून निघत नाही. ते रोजच्या सरावाने भरावे लागते, आणि सराव थांबला की पुन्हा पडते. शिक्षकाच्या व्यवसायात असलेल्या प्रत्येकाने हे मनाशी नोंदवून ठेवावे.

फिशरची बाजूही नुसत्या वेगाची नव्हती. १९७० साली युगोस्लाव्हियातील हर्सेग नोव्ही या गावी विद्युतगतीची एक स्पर्धा झाली. ताल, पेट्रोशियन, स्मिस्लोव्ह हे तीन माजी विश्वविजेते तीत होते. बावीसपैकी एकोणीस गुण मिळवून फिशर पहिला आला. दुसरा आलेला ताल साडेचार गुणांनी मागे होता. त्या स्पर्धेविषयी सांगितले जाते, की ती संपल्यावर फिशरने आपले सगळे डाव पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत स्मरणाने सांगितले. पाच मिनिटांत खेळलेला डाव ज्याच्या मनात असा राहतो, तो पाच मिनिटांपुरता विचार करीत नसतो. त्यामागे हजारो तासांचे, संथ, एकाकी, कोणी न पाहिलेले वाचन असते. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निवडक साठ डावांच्या पुस्तकात फिशरने फाइनविरुद्धच्या या घरगुती डावाला जागा दिली. आणि त्याच पुस्तकात आपण हरलेले डावही घातले. विजयाइतकाच पराभव नीट मांडून दाखवणारा हा फिशर मुलांपुढे अवश्य ठेवावा. त्याच्या पुढच्या आयुष्याची कहाणी तितकी अनुकरणीय नाही. १९७२ साली विश्वविजेता झाल्यावर त्याने वीस वर्षे स्पर्धेचा एकही डाव खेळला नाही, आणि माणसांशी त्याचे कधी जुळले नाही. पटावर राजाला कोटात ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या जीवनात मात्र तो कोट बांधता आला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

या प्रारंभाचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो. एप्रिल १९९५ मध्ये लाटव्हियाची राजधानी रिगा येथे, मिखाइल ताल यांच्या स्मरणार्थ झालेल्या स्पर्धेत, गॅरी कास्पारोव्ह याने विश्वनाथन आनंदविरुद्ध अचानक हाच विस्मरणात गेलेला एव्हान्स गॅम्बिट बाहेर काढला. आनंदने फाइनसारखा लोभ धरला नाही. उंट मागे घेऊन त्याने सावध बचाव केला. तरीही पंचविसाव्या चालीला त्याला डाव सोडावा लागला. धडा एक शिकला म्हणजे सारे साधले, असे या खेळात होत नाही. सावधपणालाही मागे मोहऱ्यांचे बळ लागते.

तालच्या नावाशी आनंदचे नाते जुने. मद्रासमध्ये सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल यांच्या नावाचा एक बुद्धिबळ क्लब चाले. तेथे विद्युतगतीचे डाव रंगत, आणि नियम असा होता की जिंकणारा पटावर बसून राहील, हरणारा उठून रांगेच्या शेवटी जाईल. आई सुशीला यांनी सहाव्या वर्षी ज्याच्या हाती मोहरी दिली, तो मुलगा त्या रांगेत उभा राहून वेग शिकला. पुढे जगाने त्याला ‘लखलखती वीज’ म्हटले. परंतु त्या वेगाची किंमत त्यानेही एकदा मोजली. १९८८ साली, भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला त्याच वर्षी, स्वित्झर्लंडमधील बील येथे कोलंबियाच्या सापाटाविरुद्ध तो सहा चालींत हरला. पाचव्या चालीला त्याने आपला उंट जेथे नेला, तीच चाल आदल्या वर्षी दोन नामांकित खेळाडूंच्या डावात झाली होती आणि तो डाव बरोबरीत सुटला होता. छापलेली चाल म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला गेला. सापाटाने वजीर एक घर पुढे सरकवला. आनंदचा घोडा त्याच्या राजापुढे खिळून पडला आणि त्याला वाचवण्याचा उपाय उरला नाही. त्या पराभवाला आनंदने दुर्दैव म्हणून झटकले नाही, आणि बारा वर्षांनी तो विश्वविजेता झाला. दुसऱ्याची वही उतरवून काढणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण देता येणार नाही: मूळ वहीतच चूक असू शकते.

पालकहो, येथून शाळेकडे यायला फार लांबचा रस्ता नाही. आजचे बालपण विद्युतगतीचे झाले आहे. तिसरीतल्या मुलाला आठवीचे गणित यावे, आठवीतल्या मुलाने प्रवेशपरीक्षेचे प्रश्न साठ सेकंदांत सोडवावेत, प्रत्येक सुट्टीत एक प्रमाणपत्र पदरात पडावे, अशी घाई घरोघरी दिसते. त्यांतील प्रत्येक गोष्टीला कारण आहे, जसे फाइन यांच्या प्रत्येक चालीला होते. प्रमाणपत्र वाईट नाही; प्यादेही वाईट नाही. पण सात चालींत तीन प्यादी जमली आणि राजा उघड्यावर राहिला, तर गुणांची बेरीज कामाला येत नाही. वाचलेले समजणे, समजलेले आपल्या शब्दांत सांगता येणे, न आलेले ‘आले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य असणे, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवून तोच डाव पुन्हा मांडून पाहणे, हा मुलाचा किल्लेकोट आहे. तो लवकर व्हायला हवा. उशिरा करू म्हटले की वाटेत शह येतो.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, दुसऱ्या भाषेच्या गावात मराठी माध्यमाची शाळा काढणाऱ्यांनी साठ वर्षांपूर्वी एक गॅम्बिट खेळला होता. आणि ज्या पालकांनी आपली मुले या शाळेत घातली, त्यांनीही चौथ्या चालीलाच एक प्यादे देऊ केले होते. गावाची भाषा निराळी, नोकरीची भाषा निराळी, शेजारची मुले बस पकडून भल्या मोठ्या इंग्रजी शाळेत जात असताना आपले मूल ‘अ आ इ ई’ गिरवणार, हा देखावा सोसायला धीर लागतो. त्या दिलेल्या प्याद्याच्या बदल्यात त्यांना हवा होता तो वेळ: मूल ज्या भाषेत स्वप्न पाहते त्याच भाषेत त्याला विचार करायला शिकवण्याचा वेळ. पाया त्या भाषेत पक्का झाला म्हणजे पुढे हिंदी, इंग्रजी आणि गावाची भाषा या मोहऱ्यांच्या वाटा मोकळ्या होतात, असा त्यामागचा हिशेब होता. सभागृहात बसलेले माजी विद्यार्थी निरनिराळ्या भाषांत आपापली कामे समर्थपणे करीत आहेत. तो हिशेब चुकला की बरोबर आला, हे त्यांच्याइतके कोण सांगू शकेल?

मात्र येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. गॅम्बिट म्हणजे नुसता त्याग नव्हे. प्यादे देऊन पांढरा स्वस्थ बसला, तर तो केवळ एक प्यादे हरलेला असतो. फिशरने चौथ्या चालीला दिले आणि त्यापुढची प्रत्येक चाल त्या देण्याला अर्थ यावा म्हणून खेळली. एकही चाल वाया घालवली नाही. मराठी माध्यम निवडले म्हणजे कर्तव्य संपले, असे शाळेला म्हणता येणार नाही आणि घरालाही नाही. शाळेत विज्ञान तितकेच कसून शिकवले गेले पाहिजे, इंग्रजी तितकेच चांगले आले पाहिजे, ग्रंथालयाचे कपाट कुलपाबाहेर आले पाहिजे, आणि घरी मुलाशी मराठीत बोलणारी, त्याच्याबरोबर मराठी पुस्तक उघडणारी माणसे असली पाहिजेत. पुढच्या चाली झाल्या नाहीत, तर पहिल्या पिढीने दिलेले प्यादे फुकट जाईल. पट संख्येने लहान होत चालला आहे, ही चिंता अशा सर्वच शाळांची आहे. ती भाषणाने दूर होणार नाही. ती दूर झालीच, तर वर्गात आणि घरात रोज होणाऱ्या साध्या, वेळेवरच्या चालींनीच होईल.

या समारंभानंतर घरी गेल्यावर एक करावे. माळ्यावर किंवा कपाटात बुद्धिबळाचा जुना पट असेल, तर तो काढावा, धूळ पुसावी आणि मुलासमोर बसावे. घड्याळ लावू नये. चौथ्या चालीला त्याला एखादे प्यादे देऊ करावे. त्याने ते घेतले, तर घेऊ द्यावे. न घेतले, तर का घेतले नाहीस, असे विचारावे. आणि उत्तर द्यायला त्याला हवा तेवढा वेळ द्यावा.

शाळेच्या हीरक महोत्सवाला आणि तिच्या पुढच्या प्रत्येक चालीला मनःपूर्वक शुभेच्छा.